घाणा एकच, करडई वर्षाची

१० ऑक्टोबर २०२४

आजपासून नोंदी. दालमिलमध्ये बारा महिने दुसऱ्याचा माल, दुसऱ्याची आवक-जावक लिहिते, तर स्वतःच्या कामाची वही नसावी हे काही बरं नाही. काम ठरलंय: करडईचं लाकडी घाण्याचं तेल, लातूरमध्ये. मार्चमध्ये करडई बाजारात येईल तोवर जागा, परवाने, यंत्र आणि पैसा या चारही गोष्टी हाताशी हव्यात.

करडईच का, हे सगळ्यांनी विचारलं. शेंगदाणा तेलाचे घाणे लातुरात गल्लोगल्ली झालेत आणि चांगला दाणा बाहेरून आणावा लागतो. करडई आपल्या भागातली. औसा, निलंगा, बार्शी, परभणी या पट्ट्यात अजून पेरतात, पण क्षेत्र पार कमी झालंय. काटे, काढणीला मजूर न मिळणं आणि सोयाबीनमागं हरभरा घेण्याची सवय, अशी तीन कारणं मोठे भाऊजी सांगतात.

आज तातडीनं लिहायला बसले ते भाऊजींशी झालेल्या बोलण्यासाठी. करडईची पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकली पाहिजे. सोयाबीनला यंदा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आहे आणि बाजारात त्याच्या बराच खाली जातंय, त्यामुळे त्यांचं डोकं फिरलेलंच होतं. चार एकर हरभऱ्यातून काढून करडईला द्यायला तयार झाले. अट एकच: "घेणार असशील तर बाजारभावानं घे. घरचं म्हणून कमी देऊ नको आणि घरचं म्हणून जास्तही देऊ नको." हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते. पुढं कामाला येईल.

केंद्रानं ३ तारखेला खाद्यतेल-तेलबिया अभियान मंजूर केलं, १०,१०३ कोटींचं, २०३०-३१ पर्यंतचं. गेल्या महिन्यात आयात तेलावरचं शुल्कही वाढलं. दोन्हींचा मला थेट उपयोग शून्य, पण रिफाइंड महागलं की घाण्याच्या तेलाचा भाव ऐकून गिऱ्हाईक जरा कमी दचकतं.

१९ ऑक्टोबर

रब्बीचे हमीभाव आले. करडई ५,९४०, गेल्या वर्षीपेक्षा १४० जास्त. बाजारात तेवढा मिळेलच असं नाही. मी हिशेबाला ५,५०० धरणार.

विधानसभेची आचारसंहिता लागली. ज्या कार्यालयात गेले तिथं अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, लोक निवडणुकीच्या कामाला. अर्ज देता येतो, पण पुढं सरकेल ते निकालानंतर. ठीक आहे. तोवर योजना नीट वाचून घेतल्या.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, या तीन डोळ्यांसमोर ठेवल्या. पहिल्या दोन्हींत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, शहरात तेच २५. अन्नप्रक्रियेच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, गाव-शहर असा फरक नाही. आपला हिस्सा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. प्रकल्प अहवाल करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते आणि ते काम आपल्याकडे कृषी विभागाकडं आहे. जागा लातूर शहराच्या हद्दीत घ्यावी लागणार, म्हणून तिसरी योजना.

अनुदान हातात येत नाही, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. ते बँकेत कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि तीन वर्षं खातं नीट चाललं तर कर्जात वळतं होतं. म्हणजे सुरुवातीला कर्ज पूर्ण रकमेचंच. "पस्तीस टक्के फुकट" म्हणणाऱ्या एजंटाला मी हे विचारलं तर त्यानं विषय बदलला.

६ नोव्हेंबर

दिवाळीत फराळाच्या निमित्तानं घरोघरी जाणं झालं. प्रत्येक ठिकाणी तेलाचा विषय काढला. आत्यांना लाज वाटत होती, मला नाही.

साठीच्या पुढच्या बायकांना करडई समजावून सांगावी लागत नाही. "पूर्वी घरात तेच होतं" एवढं बोलून त्या लगेच भाव विचारतात. चाळिशीच्या आतल्यांना सूर्यफूल माहीत, करडई म्हणजे पालेभाजी. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन ते चार लिटर तेल लागतं, पण घाण्याचं घेणारे सगळंच्या सगळं घाण्याचं घेत नाहीत. फोडणीला घाण्याचं आणि तळणाला रिफाइंड, अशी वाटणी असते. म्हणजे एका घरामागं महिन्याला दीड-दोन लिटर धरावं. ४०० लिटर विकायला दोन-अडीचशे घरं पाहिजेत आणि तीही दर महिन्याला परत येणारी.

तक्रारी जवळपास सारख्याच. तेलाला फेस येतो, खाली गाळ बसतो, दोन महिन्यांनी खवट वास येतो. करडईच्या तेलात हे जास्त होणार, कारण त्यात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं. हवा आणि उजेड लागला की ते लवकर बिघडतं. उन्हात मांडून ठेवलेल्या पारदर्शक बाटल्या दिसायला छान, पण मला चालणार नाहीत. पत्र्याचा डबा किंवा गडद बाटली.

२४ नोव्हेंबर

निलंग्याकडं एकाचा घाणा आहे. एक पोतं करडई घेऊन गेले आणि गाळपाच्या मजुरीवर ती त्याच्याकडून गाळून घेतली. पोत्यापेक्षा मला घाणा बघायचा होता.

उखळ लाकडाचं, आत फिरणारी लाटही लाकडाची, खाली तीन अश्वशक्तीची मोटर. फेरे मिनिटाला पंधरा-सोळा. यंत्र तमिळनाडूतून आणलेलं. तिकडं कांगेयम, कोइमतूर भागात हे घाणे बनतात आणि शिरीषाचं लाकूड वापरतात. एका वेळेला सोळा किलो टाकली. पहिली दहा मिनिटं नुसता भुगा. टरफल कडक, त्यामुळे करकर आवाज मोठा येतो. मग घाणेकऱ्यानं तांब्यानं पाणी शिंपडलं, एकदम नाही, थोडं थोडं. मी किती विचारलं तर म्हणाला, "ते मापात नसतंय ताई, भुगा मुठीत धरायचा." त्यानं मूठ उघडली तर गोळा तसाच राहिला, बोटांच्या खुणांसकट. एवढं झालं की पाणी बंद.

त्यानंतर भुगा भिंतीला चढायला लागतो. तो लोखंडी कांबीनं खाली लोटत होता. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला लाटेच्या बुडाशी तेल चमकायला लागलं आणि करकर कमी झाली. मग नळीतून गढूळ पिवळी धार. पाऊण तास ते पन्नास मिनिटं एका घाण्याला, वर पेंड पहारीनं खरवडून काढायला दहा मिनिटं. तेल हाताला कोमट लागलं, गरम नाही.

मोजणी काट्यावर मीच केली. सोळा किलोला पेंड अकरा किलोच्या थोडी वर. तेल त्या दिवशी चार किलो तीनशे ग्रॅम, पण ते गढूळ. घरी स्टीलच्या पातेल्यात झाकून ठेवलंय. निवळल्यावर परत मोजणार.

घाणेकऱ्याचं बोलणं यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकापेक्षा कामाचं निघालं. त्याच्याकडं दोन घाणे आहेत आणि दुसऱ्यावर कापडाचा बोळा घालून ठेवलेला. "मशीन थांबतंय ते लाइटीमुळं नाही. जून-जुलैत माल संपतोय. तवा करडई मिळत न्हाई आणि मिळाली तर परवडत न्हाई."

२८ नोव्हेंबर

निवळलेलं तेल ४.१ किलो. म्हणजे २५.६ टक्के. यंत्रवाल्यानं ३० सांगितलं होतं. दाण्यात तेवढं असतंही, पण घाण्यात पेंडीबरोबर बरंच राहतं.

एका क्विंटलचा हिशेब असा. दर ५,५००, हमाली-तोलाई-बारदाना-वाहतूक २००, एकूण ५,७००. चाळून ९६ किलो. विकायला तेल २६ लिटर (एका लिटरचं वजन साधारण ९२० ग्रॅम, किलो आणि लिटर एक धरून चालणारे इथंच फसतात). पेंड ६८ किलो, २५ रुपयांनी १,७००. ती वजा केली की ४,००० उरले, भागिले २६, म्हणजे लिटरमागं कच्चा माल १५४ रुपये. बाटली, झाकण, लेबल, खोकं १५. भाडं ५,०००, एक माणूस १०,०००, वीज ३,०००, असे महिन्याचे १८,००० ठरलेले.

विकायचा भाव २८०. लिटरमागं १११ रुपये हातात येतात आणि त्यातून ते १८,००० भरायचे. १६२ लिटर गेले की महिन्याचा खर्च भागतो, बँकेचा हप्ता सोडून. ४०० लिटर गेले तर २६,४०० उरतात. हेच तेल दुकानाला २४० नं दिलं तर ४०० लिटरवर जेमतेम दहा हजार. दुकानात माल ठेवण्यात राम नाही, निदान पहिली दोन वर्षं तरी.

पेंडीकडं सगळे दुय्यम म्हणून बघतात. २५ ची २० झाली तर तेलाचा पडता भाव, म्हणजे मला पडणारी किंमत, लिटरमागं १३ रुपयांनी चढतो. घाण्याच्या पेंडीत तेल राहतं म्हणून म्हशीवाले ती आवडीनं घेतात. करडईची पेंड टरफलासकट असते, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीचा भाव तिला येणार नाही. दूधवाले आधी गाठायचे, तेलाची गिऱ्हाइकं नंतर.

आणि आता जे आकडे मांडल्यावर दोन दिवस झोप नीट नाही ते. महिन्याला ४०० लिटर म्हणजे वर्षाला १८५ क्विंटल करडई. ती येते फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. १८५ गुणिले ५,७०० म्हणजे साडेदहा लाख. यंत्रवाल्यानं दोन घाणे, गाळणी, बाटल्या भरायचं यंत्र असा संच ७ लाख ८० हजारांचा लिहून दिलाय. योजना, बँक, यंत्रवाला, प्रशिक्षण देणारे, सगळे या पावणेआठ लाखांबद्दल बोलतात. साडेदहा लाखांबद्दल कुणी बोलत नाही. निलंग्याच्या घाण्यावरचा तो बोळा याचाच होता.

४०० लिटरला रोज ६२ किलो गाळावी लागते, म्हणजे सोळा-सोळा किलोचे चार घाणे. एका यंत्रावर ते साडेचार तासांत होतं. दुसरं यंत्र कशाला?

२ डिसेंबर

संच फाडून परत मांडला. एक घाणा २,३५,०००. चाळणी ४५,०००. स्टीलच्या टाक्या आणि कापडाची गाळणी ३५,०००. काटा आणि ओलावा मोजायचं यंत्र २५,०००. वायरिंग, फरशी, उंदरांच्या जाळ्या ६०,०००. झाले ४ लाख. बाटल्या तोटीनं भरायच्या.

हे म्हणाले, दोन घाणे दिसले की गिऱ्हाइकाला धंदा मोठा वाटतो. मी म्हटलं, वाटू दे न वाटू दे, जुलैत बंद दिसला तर काय वाटेल?

१० डिसेंबर

बँक. साहेब तरुण, ऐकून घेणारे. यंत्राच्या ४ लाखांना अडचण नाही: ४० हजार माझे, ३ लाख ६० हजार त्यांचे, पाच वर्षं. हप्ता साधारण ७,८०० पडेल. खेळत्या भांडवलाचा विषय काढला तर पेन खाली ठेवलं. नव्या धंद्याला मालतारणावर कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, एक वर्षाची उलाढाल बघितल्याशिवाय अवघड, असं म्हणाले. त्यांच्या बाजूनं बरोबर आहे. पण करडई उलाढाल बघून थांबत नाही, ती मार्चमध्येच येते.

योजनेतलं अनुदानही यंत्राला आणि त्यापुरत्या बांधकामाला. कच्च्या मालाला नाही. अपवाद एक सापडला: अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या सदस्यांना खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी माणशी ४०,००० पर्यंत बीज भांडवल. जाऊबाईंचा गट उमेद अभियानातला, शेंगदाणा चटणी आणि पापड करतो. पण ते पैसे गटाच्या कामाचे. माझ्या करडईसाठी त्यांच्या नावावर मागणं मला पटत नाही. मात्र गटाला चटणीसाठी तेल लागतं आणि गट माझं गिऱ्हाईक होऊ शकतो. तेवढंच घेतलं.

माझ्याकडं बचतीचे पाच लाख. ४० हजार यंत्राला गेले, १ लाख २० हजार बाटल्या आणि अडीअडचणीला बाजूला. राहिले ३ लाख ४० हजार. ५,७०० नं ६० क्विंटल.

पहिल्या वर्षी सरासरी ४०० लिटर जाणारच नाही. २५० धरलं तर ११५ क्विंटल लागतात. म्हणजे ५५ क्विंटलची तोंडमिळवणी व्हायची आहे.

३० डिसेंबर, येळवस (वेळ अमावास्या)

सोमवारी आली. सगळे शेतात. कोपीत पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. बाहेरगावचा माणूस आला की त्याला भज्जी म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास जातो. यंदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मामांनी सांगितलं, मी सुटले.

करडई मांडीएवढी झालीय आणि काटे धरायला लागलेत. पाखरं वाटेला जात नाहीत, रानडुकरंही फारशी नाहीत. हे तिचं बलस्थान शेजारच्या हरभऱ्याकडं बघून कळतं. काढणीचं कसं, विचारलं. आता हार्वेस्टर चालतो, भाऊजींना त्याची चिंता नाही. मामांच्या काळात पहाटे दवात काढायचे, काटा मऊ असतो म्हणून, आणि पायाला पोतं गुंडाळायचे. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची वाणं काढलीत, पुढच्या वर्षी एक एकर बघू म्हणाले.

जेवण झाल्यावर शेजारचे दोन शेतकरी बसलेले असताना मी ५५ क्विंटलचा विषय काढला. त्यांची अडचण उलटी आहे. मार्चमध्ये सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडलेला असतो, पण देणी त्याच महिन्यात असतात म्हणून विकावं लागतं. त्यांना पैसा मार्चमध्ये पाहिजे आणि भाव जुलैतला. मला माल जुलैत पाहिजे आणि पैसा मार्चमध्ये नाही.

भाऊजींनीच आठवण दिली ती पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेची. बाजार समितीमार्फत चालते. शेतकऱ्यानं माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्क्यांनी, १८० दिवस. करडई त्या यादीत आहे. व्यापाऱ्याचा माल घेत नाहीत, म्हणजे मला नाही. पण त्यांना आहे. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवलं तर शेतकऱ्याला साठवणुकीच्या भाड्यात निम्मी सवलत.

मग तिथंच ठरलं. तिघं मिळून ५५-६० क्विंटल तारणाला ठेवतील. मी जून ते ऑगस्ट हप्त्याहप्त्यानं घेईन. दर त्या दिवसाचा लातूर बाजाराचा सरासरी, हमाली माझी. ज्याचा माल घेतला त्याचं तारण मी दिलेल्या पैशातून सुटेल. भाव वाढला तर माझा पडता वाढतो, हे मला दिसतंय. पण ६० क्विंटल मार्चच्या भावानं माझ्या गोदामात असतील, म्हणजे दोन्हींची सरासरी निघेल. कर्ज काढून सगळं मार्चमध्ये भरलं असतं आणि भाव पडला असता तर? तो धोका यात नाही.

कागद करायचा का, यावर मामा रागावले. भाऊजींनी शांतपणे "करायचा" म्हटलं. एका पानाचा करणार.

१२ जानेवारी २०२५

संक्रांतीचं म्हणून तिळाचं तेल का काढत नाहीस, असं चौघींनी विचारलं. पहिल्या वर्षी एकच तेल. घाणा बदलताना उखळ पुसून घेण्यात वेळ जातो आणि वासात वास मिसळतो.

आचारसंहिता उठून दीड महिना झाला. अर्ज पुढं गेलाय, बँकेत आलाय.

२ फेब्रुवारी

कालच्या अर्थसंकल्पात सूक्ष्म उद्योगाची मर्यादा वाढवलीय, गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी. माझ्या चार लाखांना जुनी मर्यादाही आभाळाएवढी होती. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, झाली. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते. तिचे हजार-दोन हजार घेणारे दुकान थाटून बसलेत, त्यांच्याकडं जाऊ नये.

अन्न सुरक्षेचं बघितलं. १२ लाखांच्या आत उलाढाल आणि दिवसाला १०० किलोच्या आत उत्पादन असेल तर नुसती नोंदणी, वर्षाला १०० रुपये. वर गेलं की राज्य परवाना, माझ्या आकाराच्या उत्पादकाला वर्षाला ३,०००. पहिल्या वर्षी ३,००० लिटरचे ८ लाख ४० हजार आणि पेंडीचे दोन लाखांच्या आत. नोंदणीवर भागतं. फक्त नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक लेबलवर छापायचा असतो आणि परवाना घेतला की तो बदलतो. म्हणून लेबलं हजारच छापायची. छापखानेवाला पाच हजारांचा दर सांगून मोहात पाडत होता.

जीएसटी: मालाच्या धंद्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकला की लागते. हैदराबादच्या नणंदेला तिच्या सोसायटीत तेल विकायचंय. पुढच्या वर्षी बघू, असं कळवलं. पुण्याला पाठवायला हरकत नाही.

सुटं तेल विकायला कायद्यानं मनाई आहे. "आमची बरणी आणतो, त्यात द्या" म्हणणाऱ्यांना नाही म्हणावं लागेल. शेतकऱ्यानं स्वतःची करडई आणली आणि गाळून घेतली तर ते तेल त्याचंच, ते त्याच्या डब्यात. हे गाळप मला धरायचंच आहे. किलोला १२ रुपये, पेंड त्याची त्याला. भांडवल लागत नाही आणि दुपारनंतर रिकामा राहणारा घाणा चालतो. हंगामात महिन्याला आठ-दहा क्विंटल आलं तर हप्ता त्यातून सुटतो.

लेबलवर ह्यांनी "हृदयाचा मित्र" लिहून आणलं होतं. काढलं. खाद्यतेलाच्या लेबलवर असल्या शब्दांना स्पष्ट बंदी आहे. कोलेस्टेरॉलविरोधी, हृदयाला आरामदायी, डबल रिफाइंड, असली सगळी भाषा वर्ज्य. लिहायचं ते: करडई तेल, निव्वळ प्रमाण मिलिलिटरमध्ये आणि त्याबरोबर ग्रॅममध्ये, सर्व करांसहित किंमत, एककामागची किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावं, पत्ता, तक्रारीसाठी फोन. वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडं पॅकिंग करणारा म्हणून नोंदणी ९० दिवसांत, आणि काट्याला त्यांचा शिक्का.

हे दोन दिवस रुसले. मग शेंगा फोडल्यासारखं एकेक नाव सुचवत बसले. अजून ठरलं नाही.

१६ फेब्रुवारी

जागा. गावातलं शेड फुकट होतं, मोठं होतं, तरी सोडलं. तिथली तीन फेजची जोडणी शेतीपंपाची. तिच्यावर घाणा चालवला तर तो अनधिकृत वापर, दंड बसतो. शिवाय ती वीज कधी दिवसा, कधी रात्री. नवी औद्योगिक जोडणी घेता येते, पण गिऱ्हाईक लातुरात आणि मी गावात, असं होईल.

औसा रोडला एक गाळा मिळाला, ५,००० भाडं, मागं पत्र्याची खोली. मालकानं आधी पिठाची गिरणी चालवली होती, म्हणून तीन फेज आहे आणि जमिनीत पाया घातलेला आहे. घाणा थरथरतो, पाया लागतोच. पत्र्याच्या खोलीत करडई ठेवणार नाही. एप्रिल-मेमध्ये लातूरचा पत्रा काय तापतो ते सांगायला नको. माल वखारीत, गाळ्यावर फक्त पंधरा दिवसांचा.

२८ फेब्रुवारी

कर्ज मंजूर. घाण्याची आगाऊ रक्कम बँकेतून थेट विक्रेत्याला गेली. पोचायला महिना.

नोव्हेंबरमधल्या तेलाचा नमुना तपासून घेतला होता, त्याचा अहवाल आला. करडईला आम्लांक (तेल किती बिघडलंय ते) ६ च्या आत आणि आयोडीन मूल्य (तेल करडईचंच आहे का ते) १३५ ते १४८ मध्ये हवं. दोन्ही बसतं. तीन महिने अंधाऱ्या कपाटात ठेवलेली बाटली उघडली, वास ठीक आहे. खिडकीत ठेवलेली उघडली आणि आत्यांनी नाकाला पदर लावला. गडद बाटलीचे जास्तीचे दीड रुपये आता कुणी माझ्याशी वाद घालून कमी करू नयेत.

दालमिलचं काम सोडणार नाही. २५० लिटरला हप्ता जाऊन महिन्याला दोन हजारच उरतात, गाळपाचे धरले तर थोडे जास्त. पहिल्या वर्षात माझा पगार त्यातून निघत नाही, हे कागदावर लख्ख आहे. मालकांशी बोलून वेळ सकाळी सात ते बारा करून घेतली. घाणा दुपारी एकपासून.

१५ मार्च

धुळवड काल झाली. आज आडतीवर. या आठवड्यातल्या खरेदीतून ६० पैकी ४२ क्विंटल झाली, सरासरी ५,४३० रुपये. उरलेली १८ महिनाअखेर घेणार, घाई नाही. प्रत्येक पोत्यात ओलावामापक घातला. सहा टक्क्यांच्या वरची दोन पोती परत केली. आडत्या म्हणाला, दालमिलमध्ये होतीस तेव्हा एवढी कटकट करत नव्हतीस. तेव्हा माल मालकांचा होता.

भाऊजींचं चार एकरांत १९ क्विंटल झालं. हार्वेस्टरनं निघालं, कचरा जास्त आहे, चाळल्यावरच वजन धरायचं ठरलं. शेजाऱ्यांचं धरून ५३ क्विंटल तारणाला लागेल. एका पानाच्या कागदावर मामांनी साक्षीदार म्हणून सही केली.

दूधवाले दोन बोललेत, दोघांना मिळून महिन्याला चार-पाच क्विंटल पेंड. २३ चा भाव म्हणतात. मी २५ वर आहे. २४ ला तुटेल.

चाळणी आली आणि जाळीच चुकीची. शेंगदाण्याची दिलीय, करडई सगळी खाली गळते. सोमवारी बदलून मागायची. घाणा पाडव्याच्या आत पोचेल असं ट्रान्सपोर्टवाला म्हणतो. पोचला तरी उखळाला तेल पाजून आठवडाभर मुरवावं लागतं, आणि त्यासाठी निलंग्याच्या घाणेकऱ्याला एक दिवस बोलावलंय. त्याची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं अडीअडचणीच्या खात्यातून.

गाळपासाठी आत्ताच तिघं विचारून गेले. त्यांची नावं, पोती, फोन मागच्या पानावर.